निळ्या रेषेखालचं पत्र

सैमा कोस्कीचं पत्र वाल्फ्रिड निएमेलाला ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी सकाळी मिळालं आणि दुपारपर्यंत त्याने ते स्वतःच्या हाताने बर्फात गाडून टाकलं. मधल्या चार तासांत ते उघडून का वाचलं नाही, हा प्रश्न पुढे त्याने स्वतःला सहा महिने विचारला. उत्तर साधं होतं. त्याला भीती वाटत होती.

वाल्फ्रिड कॉपर बे कॉलेजच्या रिंकवर, म्हणजे आइस हॉकीच्या मैदानावर, सव्वीस वर्षं बर्फ करत होता. सप्टेंबर संपता संपता काँक्रीटखालच्या नळ्या गार करायच्या, वर पाण्याचा पातळसा थर सोडायचा, तो गोठला की दुसरा, मग पांढरा रंग, मग लाल-निळ्या रेषा आणि त्यावर पुन्हा थरावर थर. दुधावर साय धरावी तसं हे सबुरीचं काम. माणूसही तसाच सबुरीचा होता. गावात म्हणायचे की वाल्फ्रिडला ‘हो’ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात त्याचं अर्धं रिंक गोठून होतं. वय बासष्ट, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, घरात एक खुर्ची वापरातली आणि तीन नुसत्याच.

अशा माणसाने ऑगस्टमध्ये, चर्चच्या सहभोजनात, सरोवराच्या काठी, तीन कप कॉफी पोटात गेल्यावर सैमाला विचारलं होतं, "हिवाळा एकट्याला फार मोठा पडतो. दोघांत वाटून घेतला तर?"

वाल्फ्रिडच्या हिशेबाने हे भाषणच झालं. सैमा खाडीपलीकडच्या एलो हिलची. जिल्हा कोर्टात तीस वर्षं कारकून होती, नुकतीच निवृत्त झालेली. तिने बशीतला केक शांतपणे संपवला, कागदी रुमालाची चौघडी केली आणि म्हणाली, "मी लेखी कळवते."

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. वाल्फ्रिड रोज टपालपेटी उघडायचा आणि आत विजेचं बिल किंवा बियाण्यांचं सूचिपत्र बघून बंद करायचा. आणि मग तो गुरुवार उजाडला. फिकट निळा लिफाफा होता, आणि पाठीमागे जिथे तो चिकटवतात तिथे नाताळच्या मदतनिधीचं तिकीट लावलेलं होतं. त्यावर एक लाल पक्षी. गेल्या नाताळची उरलेली तिकिटं फेकून देईल तर ती सैमा कसली.

लिफाफा त्याने शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. विचार असा केला, की आज रेषा आखायच्या आहेत. नकार असला तर हात थरथरेल आणि रेषा वाकडी येईल. होकार असला तर त्याहून वाकडी येईल. तेव्हा आधी रेषा, मग पत्र. रेषा सुतासारख्या सरळ आल्या. मग तो पाण्याची रबरी नळी घेऊन वाकला आणि मागे सरकत सरकत त्यावर पाण्याचे पाच थर दिले. दर वाकण्यासरशी खिशाचं तोंड जमिनीकडे होत होतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. पाहुण्या संघाच्या बाजूच्या निळ्या रेषेला लागून काहीतरी निळं पडलंय, हेही ध्यानात आलं नाही. निळ्यात निळं, कोणाला दिसणार?

संध्याकाळी खिसा रिकामा. त्याने गाडी शोधली, बूट शोधले, रंगाचे डबे उलटे केले. शुक्रवारी सकाळी रिंकचे दिवे लावले आणि बर्फावरून चालताना मान खाली घातली, तर निळ्या रेषेच्या कडेने तो लाल पक्षी काचेखालून बघावं तसा त्याच्याकडे बघत होता.

तो छिन्नी घेऊन गुडघ्यांवर बसला, तेवढ्यात कोच पेनहेल आले. पेनहेल म्हणजे मोठ्या आवाजाचा, छोट्या मानेचा माणूस. संध्याकाळी हंगामातला पहिला सामना होता आणि तोही नॉर्थ रिजशी. त्या कॉलेजने कॉपर बेला अकरा वर्षं सलग धूळ चारली होती. बर्फ फोडला तर रंग उखडेल, पाणी झिरपेल, पुन्हा भरून गोठवायला दिवस जाईल, हे वाल्फ्रिडलाच सर्वांत चांगलं ठाऊक होतं. कोच म्हणाले, उद्या काढा. वाल्फ्रिडने छिन्नी खाली ठेवली.

त्या संध्याकाळी काय झालं ते अजून गावात सांगतात. सामन्याच्या तीन भागांतले पहिले दोन बरोबरीत गेले. तिसऱ्या भागात कॅप्टन डग रोझेलला कोणीतरी असा धक्का दिला की तो सपशेल तोंडावर पडला, निळ्या रेषेपाशी, आणि त्याचं नाक बरोबर त्या पक्ष्यावर आलं. दोन क्षण दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग डग उठला आणि त्याने गोल केला. पाच मिनिटांनी आणखी एक केला. अकरा वर्षांनी कॉपर बे जिंकलं, आणि म्हातारी माणसं पायऱ्यांवर बसून रडली.

शनिवारी सकाळी वाल्फ्रिड छिन्नी घेऊन आला, तर कोच आधीच पत्रावर उभे. अंगात कालचाच कोट, गळ्यात कालचाच टाय.

"हात लावायचा नाही," कोच म्हणाले.

"ते माझं पत्र आहे, कोच."

"होतं. आता टीमचं आहे."

"त्यात महत्त्वाचं आहे काहीतरी."

"काय आहे?"

"ते वाचल्यावर कळेल ना."

"मग हरल्यावर वाचा. अहो, अकरा वर्षांनी जिंकलोय आपण. मी मोजेसुद्धा बदललेले नाहीत."

आता दुसऱ्या कुठल्या गावात अशा माणसाला वेड्यात काढलं असतं. पण जिंकत असताना काहीही बदलायचं नाही, हा त्या भागातला कायदा आहे आणि तो कोर्टातल्या कायद्याहून कडक पाळतात. दाढी वाढत असेल तर वाढू द्यायची. डाव्या पायात आधी बूट घातला असेल तर मार्चपर्यंत डाव्याच पायात आधी. खुद्द वाल्फ्रिडने एका चांगल्या हंगामात अख्खा फेब्रुवारी फक्त पास्टी, म्हणजे सलगम भरलेली मोठी करंजी, खाऊन काढला होता. तो कोणत्या तोंडाने म्हणणार की हे खूळ आहे? एवढंच म्हणाला, की पत्र कोणाचं ते कोणाला सांगू नका. कोचनी शब्द दिला.

तुम्ही म्हणाल, सैमाला जाऊन सरळ विचारायचं. वाल्फ्रिडनेही मनाशी तसं म्हणून पाहिलं. पण तीस वर्षांत जिच्या हातून कोर्टाचा एक कागद हरवला नाही, तिला जाऊन सांगायचं की बाई, तुमचं पत्र मी न वाचताच हरवलं, आणि त्यावरून रोज वीस पोरं घसरतात? आणि खरं सांगायचं तर, पत्र बंद होतं तोवर त्यात नकार नव्हता. रात्री अंथरुणावर पडून तो त्या पत्राचा मजकूर रचायचा. रोज वेगळा, आणि रोज शेवटी ‘या’ असं लिहिलेलं.

हरले की पत्र मिळणार होतं. आणि टीम काही हरेना.

घरचा एकेक सामना जिंकत गेले. मैदानावर उतरताना प्रत्येक खेळाडू पक्ष्यावर तीनदा काठी आपटू लागला. पोरं लाल पिसांच्या टोप्या घालून येऊ लागली. नोव्हेंबरात वर्तमानपत्रात पक्ष्याचा फोटो आला आणि पत्रात काय असावं यावर गावाने डोकं चालवायला सुरुवात केली. कोणी म्हणालं बिल, कोणी म्हणालं नॉर्थ रिजच्या कोचचा राजीनामा. पाद्रीबाबांनी एका रविवारी ‘न उघडलेली कृपा’ असं प्रवचन दिलं. वाल्फ्रिड मागच्या बाकावर बसून बुटांकडे बघत राहिला.

सामन्याच्या दोन्ही सुट्ट्यांत तो बर्फगाडी घेऊन आत जायचा. गाडी वरचा खरवडलेला बर्फ कापते आणि मागे गरम पाणी सोडून नवा थर देते. पूर्वी तो त्या वेळी गर्दीकडे बघायचा, कोणी हात केला तर मान हलवायचा. यंदा टोपी भुवयांपर्यंत ओढून, नजर त्या एका जागेवर. गाडीचं पातं पत्रापर्यंत पोचलं तर चिंध्या होतील, म्हणून तिथे तो गाडी अंमळ हळू करायचा आणि पाणी जरा जास्त सोडायचा. त्यामुळे पत्र दर शुक्रवारी आणखी खोल जात होतं. आपण ते जपतोय की पुरतोय, हे त्याला कळेनासं झालं.

तिकिटांच्या खिडकीत बर्निस असायची, शाळेपासूनची ओळखीची. तिची तक्रार वेगळीच होती.

"दर शुक्रवारी एक बाई येते. हिरवी टोपी, हातात थर्मास. आपल्यातली नाही, बाहेरून येते. आणि दुसरी सुट्टी संपली की उठून जाते. तिसरा भाग बघतच नाही. मला सांग, सिनेमाचा शेवट सोडून कोणी घरी जातं का?"

"थंडी वाजत असेल," वाल्फ्रिड म्हणाला. त्याचं लक्ष बर्फाकडे होतं.

"मग आधी दीड तास काय उन्हात बसलेली असते? पण जाऊ दे. ती गेली की आपण जिंकतो, म्हणून मीही काही बोलत नाही."

नाताळच्या आदल्या दिवशी वाल्फ्रिडला राहवलं नाही. त्याने फोन लावला. पहिली चार मिनिटं कुठे किती बर्फ पडला यावर गेली.

मग सैमा म्हणाली, "माझं पत्र मिळालं का?"

"मिळालं," वाल्फ्रिड म्हणाला. हे खोटं नव्हतं.

"वाचलंत?"

"अजून नीट नाही वाचलं."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. वाल्फ्रिडला वाटलं, ती रडते आहे. "काही घाई नाही," ती शेवटी कशाबशा आवाजात म्हणाली आणि फोन ठेवला. त्या नाताळात त्याने वेलदोड्याचा पाव आणला आणि तसाच वाळू दिला.

जानेवारीत एकदा हरले. घरच्या मैदानावर, एका गोलने. लोक मान खाली घालून बाहेर पडले आणि वाल्फ्रिडला इतका आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटली. तो तडक छिन्नी आणायला गेला. पण कोचच्या खोलीत बर्निस आधीच उभी होती.

"त्या हिरव्या टोपीमुळे हरलो," ती सांगत होती. "आज शेवटपर्यंत बसून राहिली. पहिल्यांदाच. मी डोळ्यांनी पाहिलं."

"म्हणजे पक्ष्याचा दोष नाही," कोच म्हणाले.

"मुळीच नाही. पुढच्या वेळी ती उठली नाही तर मी स्वतः उठवते."

वाल्फ्रिडने छिन्नी कोटाच्या आत लपवली आणि घरी गेला. बर्निसला कोणाला उठवावं लागलं नाही. पुढच्या शुक्रवारी ती बाई वेळेवर गेली आणि कॉपर बे पाच गोलांनी जिंकलं.

फेब्रुवारीत वाल्फ्रिडच्या मनात पाप आलं. त्याची पोरं चपळ होती. त्यांना कडक, काचेसारखा बर्फ लागायचा. यंत्रघरातला एक व्हॉल्व्ह अर्धा फिरवला असता तर बर्फ मऊ झाला असता, काठ्या अडखळल्या असत्या, आणि दोन सामन्यांत सगळं आटोपलं असतं. कोणाला पत्ताही लागला नसता. एका शुक्रवारी दुपारी तो व्हॉल्व्हवर हात ठेवून उभा राहिला. त्याला सैमाचा चौघडी केलेला कागदी रुमाल आठवला, घरातल्या तीन खुर्च्या आठवल्या. त्याला ते पत्र इतकं हवं होतं की दात दुखायला लागले. पण सव्वीस वर्षांत त्याने वाईट बर्फ केला नव्हता. त्याने हात काढला, आणि मनात पाप आल्याचं प्रायश्चित्त म्हणून त्या दिवशी असा बर्फ केला की पाहुण्यांचा गोलकीपर म्हणाला, यावर पाय ठेवायला जीव होत नाही. कॉपर बे आठ-एकने जिंकलं.

मार्चमध्ये घरचे सामने संपले तरी बर्फ वितळवायला बंदी होती. टीम राष्ट्रीय अंतिम सामन्याला पोचली होती, दोन राज्यं पलीकडे, आणि पक्षी जागेवर हवा म्हणून कोचनी यंत्रघराची किल्लीच बरोबर नेली. शनिवारी दुपारी सगळं गाव घराघरांत रेडिओला कान लावून बसलं. वाल्फ्रिड रिकाम्या रिंकवर, पत्राशेजारी खुर्ची टाकून, मांडीवर रेडिओ घेऊन बसला.

तिन्ही भाग बरोबरीत संपले, जादा वेळ सुरू झाला. अकराव्या मिनिटाला डग रोझेलचा फटका गोलच्या खांबाला लागून बाहेर गेला. बाराव्या मिनिटाला हरले.

सहा महिने ज्या क्षणाची वाट बघितली तो आला होता. वाल्फ्रिडने रेडिओ बंद केला आणि तो रडू लागला. डगसाठी रडला, पेनहेलच्या मोज्यांसाठी रडला. एवढं सगळं करून शेवटी खांबाने घात केला, याचं त्याला खरंच फार वाईट वाटलं.

सोमवारी कोच परतले. त्यांनी किल्ली त्याच्या हातात दिली आणि खांद्यावर थाप मारली. वितळायला दोन दिवस लागले. बुधवारी सकाळी वाल्फ्रिड रबरी बूट घालून घोटाभर पाण्यात उभा राहिला, रंगाने पाणी जांभळट झालेलं, आणि त्यातून त्याने लिफाफा दोन्ही हातांनी उचलला. हीटरवर वाळवला आणि उजेडासाठी पुन्हा रिंकवर आला. सैमा सगळं पेन्सिलीने लिहायची, कोर्टातली सवय. एक अक्षर पुसलं नव्हतं.

‘वाल्फ्रिड, आयुष्यभर मी फक्त कागदावर विश्वास ठेवला. या वेळी नजरेवर ठेवून बघते. दर शुक्रवारी मी तुमच्या रिंकवर येईन, समोरच्या बाजूला, सातव्या रांगेत, हिरवी टोपी घालून. तुम्ही गाडी घेऊन बाहेर याल तेव्हा एकदा वर बघा. तुम्ही टोपी काढलीत, तर माझं उत्तर हो आहे असं समजा. सैमा.’

वाल्फ्रिड ते तीनदा वाचून खाली बसला. बसला तो पाण्यातच. तेरा शुक्रवार, दर शुक्रवारी दोन फेऱ्या. सव्वीस वेळा ती समोर होती आणि सव्वीस वेळा तो मान खाली घालून तिचंच पत्र बघत होता. आता ती काय म्हणत असेल? काही म्हणायला तरी शिल्लक असेल का?

ओल्या विजारीनेच तो गाडीत बसला. खाडीला वळसा घालून एलो हिल चाळीस मैल. सरोवराच्या कडेचा बर्फही फुटायला लागला होता. वाटेत त्याने माफीची सात वाक्यं तयार केली आणि तिच्या दारात पोचेपर्यंत सहा विसरला. दार वाजवलं. सैमाने उघडलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या विजारीकडे.

"वितळलं वाटतं," ती म्हणाली.

वाल्फ्रिडचं सातवं वाक्यही गेलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"अहो, पेपरात फोटो आला होता. गेल्या नाताळची तिकिटं ऑक्टोबरात लावणारी या भागात दुसरी कोण आहे?"

"म्हणजे फोनवर तुम्ही रडत नव्हता?"

"तोंडात रुमाल कोंबून हसत होते. म्हणे नीट नाही वाचलं."

"मग सांगायचं तरी. मी सहा महिने झुरतोय इथे."

सैमाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने कोर्टाचा कागद हरवला होता. "जिंकत होते ना ते," ती म्हणाली. "जिंकत असताना कोणी काही बदलतं का?"

हे वाल्फ्रिडला पटलं. तिच्या जागी तोही तेच करता.

"पहिल्या शुक्रवारी तुम्ही वर बघितलं नाहीत म्हणून मी रागाने उठून गेले," सैमा सांगू लागली. "आणि नेमके जिंकले. दुसऱ्या शुक्रवारीही तसंच. मग काय, उठावंच लागायचं. जानेवारीत एकदा राहवलं नाही, बसले, तर बघितलंत ना काय झालं ते. अख्ख्या हंगामात एकच तिसरा भाग बघितला मी, आणि तो नेमका हरलेला. बाकीचे गाडीत बसून, काच खाली करून, नुसती आरडाओरड ऐकली."

वाल्फ्रिडला एकदम कळलं की या सहा महिन्यांत तो एकटाच कशासाठी तरी झुरत नव्हता.

त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरली.

सैमाने त्या टोपीकडे नीट, निरखून पाहिलं, सही तपासावी तसं. मग ती दारातून बाजूला झाली.

"आत ये," ती म्हणाली. "कॉफी ठेवते. आणि आता पहिल्या सामन्यापासून एकेक तिसरा भाग सांग. काही गाळायचं नाही."

आणि ज्या माणसाला ‘हो’ म्हणायला अर्धं रिंक गोठण्याइतका वेळ लागायचा, तो वाल्फ्रिड निएमेला ओल्या विजारीत तिच्या स्वयंपाकघरात बसला आणि बोलायला लागला. डगच्या नाकापासून सुरुवात केली. कॉफी दोनदा गार झाली, सैमाने दोनदा गरम केली, आणि दिवस मावळला तेव्हा तो अजून नोव्हेंबरातच होता.